उकंडरावांनी मोडलेला सौदा

वडनेर भोलजीत उकंडरावांशी ज्याचं भांडण झालं नाही, असा माणूस शोधावा लागेल. चहाच्या टपरीवर ते बसले की बाकीचे उठत. मी नाटक कंपनीत अर्धं आयुष्य खलनायक रंगवले, पण तोंडाला रंग न लावता दिवसभर ती भूमिका करणारा हा एकच गडी पाहिला. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहतो; मला ते 'ओ नाटकवाले' म्हणत, आणि त्यात प्रेमाचा लवलेश नव्हता.

त्यांच्या नावाची गोष्ट गावाला ठाऊक होती. आधीची भावंडं वाचली नाहीत, म्हणून आईने त्यांना जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीने उचललं आणि सूपभर ज्वारी घेऊन आईलाच परत विकलं. टाकलेल्या पोरावर कोणाची नजर जात नाही, असा समज. पोर जगलं. पण नजर लागू नये म्हणून आईनेही कधी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही, लाडाने हाक मारली नाही. मरेपर्यंत ती त्यांना 'ए उकंड्या' म्हणत राहिली.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेला, संजीवनीला, मुलगा झाला. आधीची दोन गेली होती. उकंडरावांच्या बायकोने, सरस्वतीबाईंनी, सूप तयारच ठेवलं होतं. बाळ उकिरड्यावर गेलं, शेजारच्या सोजराबाईंनी उचललं, ज्वारी घेऊन परत दिलं. नाव पडलं कचरू. मग सुनेला ताकीद मिळाली. पाजायचं, न्हाऊ घालायचं, पण तोंडाकडे पाहून बोलायचं नाही.

"मायच्याच नजरेनं गेले ते दोघं," सरस्वतीबाई म्हणाल्या.

हे ऐकल्यापासून संजीवनी पाजताना भिंतीकडे पाही.

कचरू अंगाने गुटगुटीत झाला. रडत नसे. कोणीही घ्यावं, कुठेही ठेवावं. "गुणाचं लेकरू हाय," सरस्वतीबाई सगळ्यांना सांगत. एकदा मी त्याच्यापुढे बसलो आणि माझं सगळं भांडवल बाहेर काढलं. भुवया उडवल्या, राक्षस गुरगुरला, राणी रुसली. जत्रेतली रडकी पोरं मी यावर हसवलेली. कचरू माझ्या पलीकडे कुठेतरी पाहत राहिला. एवढा पडलेला प्रयोग मला आठवत नाही.

उकंडराव ओसरीवरून पाहत होते.

"हसत नाही ना?"

"नाही."

"हसणार बी नाही." त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. "मायं थोबाड पाह्य. ते बी असंच होईन."

एवढं बोलून ते उठले. वांग्याचं पोतं धरावं तसं त्यांनी पोर काखेत धरलं आणि थेट सोजराबाईंच्या दारात गेले. मागोमाग आम्ही सगळे.

"सोजरे, जवारी वापस दे."

"कोनती जवारी, भाऊजी?"

"या पोट्ट्याची. सौदा मोडला."

"ते तं कवाच दळून खाल्ली."

"मंग दुसरी दे."

सरस्वतीबाई आडव्या आल्या. "म्हातारा येडा झाला. दोन गेले ते कमी पडले काय तुमाले?"

"तू चूप बस. इकत घेतलं म्हून ते आपलं झालं, आन् आपलं म्हून नजर लागते. असंच हाय ना तुयं? मंग आजपासून हे सोजरेचं. दुसऱ्याच्या लेकराले मायेनं पाह्यलं तं आपली नजर कायची लागते?"

सरस्वतीबाईंचंच शास्त्र त्यांच्यावर उलटलं होतं. सोजराबाईंनी कुरकुरत उकंडरावांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात ज्वारी ओतली. "मायी जवारी बी गेली, वरतून लेकरू गळ्यात," म्हणाल्या.

उकंडराव सुनेकडे वळले. "शेजारणीचं लेकरू हाय. तिले कामं असतात. तू सांभाळ. आन् त्याच्याकडं पाहून सांभाळ."

त्या दिवसापासून सरस्वतीबाई नवऱ्याचं ताट आपटून वाढू लागल्या. संजीवनी मात्र दुपारभर उंबऱ्यात बसून बोले, "काय बे, सोजराबाईच्या पोट्ट्या, भूक लागली काय?" पोर भिंतीकडेच पाही, तिनेच शिकवल्यासारखं. ती बोलत राहिली. हळूहळू ते तिच्या ओठांकडे पाहू लागलं, मग डोळ्यांकडे.

मेथी काढणीला आली तेव्हा एका सकाळी संजीवनी शेताकडे निघाली, आणि सरस्वतीबाईंच्या कडेवर कचरूने असा आकांत मांडला की मी चहा टाकून बाहेर आलो.

"असं नव्हतं हो हे," त्या नवऱ्यावर खेकसल्या. "पार बिघडवलं तुमीनं."

"माय गेली त्याची. रडन नाही तं काय."

"त्याची माय तं तथी भाजी निवडून राह्यली," त्यांनी सोजराबाईंकडे बोट दाखवलं. "तुमीनंच ठरोलं ना?"

"मंग त्याले समजावून सांग."

त्यांनी पोर नवऱ्याच्या अंगावर ढकललं. उकंडरावांनी ते काखेत धरलं, तसंच, पोत्यासारखं, आणि शेताची वाट धरली. पोर हातपाय झाडत होतं. म्हातारा त्याच्यावरही डाफरत होता, "चूप बस बे. तिच्याकडंच चाललो ना."