गौरी खो देत न्हाई

दोन पोरी पदरात असल्या की किस्से शोधायला लागत नाहीत, तेच मागं लागतात. आमची गौरी आठवीला, आर्या सहावीला, आणि जालन्यात मस्तगडच्या दोन खोल्यांत मी त्यांची पंच. एक भांडण मैत्रिणींना सांगून होईस्तोवर दुसरं तयार असतं.

*

शहागडला माझ्या माहेरी जायचं म्हटलं की एसटीतली खिडकी कुणाची, यावरून स्टँडवरच जुंपायची. शेवटी यांनी निकाल दिला, जाताना गौरी, येताना आर्या. दोघींनी बिलकुल कबूल केलं.

येताना गौरी निघेचना. मामाकडंच राहते म्हणाली, आणि राहिलीसुद्धा आठवडाभर! इकडं आर्या अख्खी खिडकी मिळूनही जालन्यापर्यंत मुसमुसत आली. खिडकीत बसून चिडवायचं कुणाला?

*

शेजारच्या वहिनींनी युक्ती सांगितली, खाऊ एकीनं कापायचा आणि दुसरीनं आधी उचलायचा. वाढदिवसाच्या केकचा एक तुकडा उरला होता. गौरीनं कंपासमधली पट्टी काढली. मापं घेतली, पुन्हा घेतली. आर्या नाक लावून बघत बसली. एकदाचे दोन तुकडे झाले, तर कुठला मोठा ते आर्याला ठरवता येईना.

तेवढ्यात हे एमआयडीसीतून ड्यूटी करून आले आणि उभ्या उभ्या दोन्ही तुकडे खाऊन हात धुवायला गेले. त्या दिवशी दोघींनी मिळून बापाशी अबोला धरला. दोघी एका बाजूला झालेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. मला तर बाई सण वाटला.

*

सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, मोठीचं अक्षर बघा, मोत्यासारखं, नाहीतर ही धाकटी. आर्यानं दप्तर उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. "आजी, मंग माझा अभ्यास बी तिलाच द्या. मी खेळायला जाते."

पाहुणे हसले, पण पोरीचे डोळे भरले होते. मला फार लागलं ते. त्या दिवसापासून घरात नियम केला, एकीचं नाव घेऊन दुसरीला बोलायचं नाही. सासूबाईही पाळतात, जरा कुरकुरत.

*

आणि आता खो-खोचं. दोघी शाळेच्या एकाच टीममध्ये. पळणारी पोरगी आर्याच्या पुढून गेली तरी गौरी तिला खो देणार नाही, पुढच्या पोरीला देणार. तोवर पळणारी पसार. सरांनी शेवटी मला बोलावून सांगितलं, की गौरीवाचून टीमचं भागत नाही, तेव्हा फायनलला असं झालं तर धाकटीलाच कायमचं बाहेर बसवावं लागेल.

आर्या त्या दिवशी जेवलीच नाही. म्हणाली, "मम्मी, तू ताईला काही बोलू नको. मी तिच्या हातापाया पडणार न्हाई." जीव तुटत होता माझा, पण केलेला नियम आठवला आणि गौरीला काही म्हणून बोलले नाही.

फायनल अंबडला होती. वेळ संपत आलेली आणि एका गुणाची गरज. समोरची शेवटची पोरगी मोठी चपळ, काही केल्या सापडेना. गौरी तिच्या मागं होती. तेवढ्यात ती पोरगी बसलेल्या पोरींमधून सटकून पलीकडं गेली, बराबर आर्याच्या समोर. गौरीला मधली रेघ ओलांडता येत नव्हती. आता खो देणं आलं, आणि सगळ्यात जवळ आर्याच होती. मी डोळेच मिटले.

"खो!"

डोळे उघडले तर आर्या सुटली होती. खांब गाठायच्या आत तिनं त्या पोरीच्या पाठीवर हात मारला. सगळं मैदान उठलं. मी एवढी ओरडले की घसा बसला, आणि हे शेजारी उभे राहून खुशाल रडत होते.

सरांनी गौरीला विचारलं, आज कसा काय दिला गं खो?

गौरी ओढणीनं घाम पुसत होती. म्हणाली, "सर, चालायला लागली तवापासून ती माझ्याच मागं पळून राह्यली. तिच्या हातून कोण सुटतंय?"