रानमोडीचा विग्रह

आज विळीने बोट कापले, तेव्हा सूनबाईंनी अंगणाच्या कडेची रानमोडीची पाने चुरडून त्यावर लावली. त्या उग्र वासासरशी मी चाळीस वर्षे मागे, काळू नदीतल्या आमच्या देवाच्या बेटावर जाऊन पोहोचलो.

तिथल्या दाट सावलीत ज्येष्ठात शेवळांची भाजी उगवे. ठाकूरवाडीची जनाबाई पहिली जुडी देवापुढे ठेवी आणि उरलेल्या मुरबाडच्या बाजारात विकी. त्या दिवशी मात्र तिच्या हाती कोयता होता. चार कोवळ्या झुडपांकडे बोट दाखवून ती म्हणाली, "भटजी, ही रानमोडी हाय. आताच तोडू द्या, नायतर शेवळा नाय व्हायची."

'रान मोडते ती रानमोडी' असा विग्रह मी मनात केला आणि त्यावर प्रसन्नही झालो. अर्थाकडे मात्र पाहिले नाही. देवाच्या रानाला लोखंड लावू नये, हा पूर्वापार नेम. मी गंभीरपणे सांगितले, "देवाच्या भूमीत उगवले ते देवाचे, जनाबाई."

"मंग देवालाच खाऊ घाला हा पाला!" असे म्हणून ती नदी उतरून गेली. मला तो उर्मटपणा वाटला.

आता बेटभर रानमोडी आहे. शेवळे उगवत नाहीत. जनाबाई उतारवयात वीटभट्टीवर गेली. जुने वृक्ष अजून उभे आहेत, पूजाही चालते. पण त्यांच्या सावलीत त्यांचे एकही रोपटे नाही. एकेक वृक्ष पडेल, तेव्हा त्या जागी काय उगवेल, हे मला ठाऊक आहे.