खरखरीच्या आतला माणूस

वायरलेसवर बोलायला टेकडी चढते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे. परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून लोक हा छंद करतात, हे समजावून सांगायचा मला भयंकर कंटाळा येतो. काकांना तो कधी आला नाही. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्यासारख्या दहा-बारा जणांना हे वेड लावलं. माझे ते नात्याने कोणी नव्हते.

शिकवायचे ते रागावूनच. त्यांचे दोन नियम होते. बोलणं पोचलं की नाही हे फोन करून विचारायचं नाही. हवेतून ऐकू आलं तरच पोचलं. आणि सेटची खरखर बंद करायची नाही. सेटवर एक गोल बटण असतं, ते फिरवलं की खरखर थांबते आणि कोणी बोललं तरच आवाज येतो. पण मग क्षीण आवाजही गळून जातो. "अशक्त माणूस खरखरीच्या आतच असतो," काका म्हणायचे. "कान किटले तर किटू देत."

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, वळलेसुद्धा नाहीत. दारापर्यंत सोडायला आलेल्या काकू म्हणाल्या, "तू वायरलेसवरून बोलून बघ गं. माझं तर काही ऐकत नाहीत."

माझं घर मांजरीला. तिथून खडकीला आवाज पोचायचा तर मध्ये निम्म्या शहराच्या इमारती आडव्या. म्हणून दर रविवारी सकाळी आठला वेताळ टेकडी गाठायची, मोजपट्टीच्या पात्यांचा घरी केलेला अँटेना खडकीकडे धरायचा आणि हाक मारायची. काकू त्यांच्या डाव्या हातात माइक द्यायच्या. समोरच्याने माइकचं बटण दाबलं की तेवढ्यापुरती आपल्याकडची खरखर थांबते. ठरलं ते असं: त्यांनी दोनदा दाबायचं, मी "ऐकू आलं, काका" म्हणायचं, मग त्यांनी माइक ठेवायचा.

पहिल्या रविवारी खरखर दोनदा थांबली आणि मी चार लोकांत हमसून रडले. त्या माणसाला जगाशी बोलायला आता एवढंच उरलं होतं, आणि ते ऐकणारी मी एकटी होते.

पाच रविवार असे गेले. पाचव्या खेपेला खरखर पुरती थांबली नाही, नुसती दबली. गॅलरीतली त्यांची तार कपडे वाळत घालताना सरकली असावी. सांगायला हवं होतं. फोन करायचा नाही हा नियम मी पाळला, आणि खरं सांगायचं तर आळसही केला.

सहाव्या रविवारी टेकडीवर गर्दी होती. बाकावरचे एक आजोबा वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "अहो मॅडम, भजी तळून झाली असतील तर गॅस बंद करा." शेजारचे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गोल बटण फिरवलं. खरखर थांबली.

तीनदा हाक मारली. काही नाही. झोपले असतील, म्हटलं. वहीत "उत्तर नाही" असं पेनाने लिहिलं, खाली उतरले आणि मिसळ खाल्ली. चवीने खाल्ली, हे मला अजून आठवतं.

मंगळवारी काका गेले.

दहाव्यानंतर काकूंकडे गेले. खाटेशेजारी सेट तसाच होता, त्यावर टॉवेल टाकलेला. चहा ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "त्या रविवारी काय झालं होतं गं? बटण दाबतायत, दाबतायत. अर्धा तास. मी म्हटलं, अहो, ती गेली असेल उतरून. माइक काढून घ्यायला गेले तर माझ्यावर हात उगारला."

त्यांचं उत्तर म्हणजे खरखरीतली दोन क्षणांची शांतता, आणि मी तर सगळीच शांतता करून बसले होते. वर दोन नियमांतला सोयीचा तेवढा पाळला होता.

"तुला ऐकू आलं होतं ना?" काकूंनी विचारलं.

"हो काकू," मी म्हटलं. "दोनदा. स्पष्ट."

काकूंनी चहा गाळला. कप माझ्यासमोर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मग तसं म्हणायचंस ना त्यांना. तेवढ्याचीच वाट बघत होते."