हिवाळी चेरीची मुळं

दुबईच्या अल क्वोजमधल्या एका नर्सरीत मी बारा वर्षं काढली. त्यातल्या एका हिवाळ्याबद्दल मी घरी कधी बोललो नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. जुमेराच्या एका बंगल्याच्या मालकिणीने परदेशात भर थंडीत फुललेली चेरी पाहिली होती. ईदनंतर तिच्या मुलीचा साखरपुडा होता आणि त्या दिवशी अंगणात तीच झाडं फुललेली हवी होती. आमच्या कंपनीने हॉलंडहून बारा झाडं मागवली. कुंड्यांत लावलेली, माणसापेक्षा उंच, पानं झडलेली, काडीकाडीवर तांदळाएवढ्या कळ्या. ही शोभेची चेरी. थंडीत झोपते, जरा ऊब लागली की फुलते. दुबईच्या उन्हात आठवड्याभरात फुलून गेली असती, म्हणून तिला तोवर झोपवून ठेवायचं होतं. जवळच्या एका गोदामातली चिलर खोली भाड्याने घेतली आणि काटा चार अंशांवर लावला.

झाडं चाचांच्या ताब्यात होती. चाचा रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, नर्सरीतले सगळ्यात जुने माळी. मी स्टोअरकीपर. दिवसातून दोनदा खोलीचं तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं, हे माझं काम. एकदा त्यांनी एका फांदीची साल नखाने खरवडून दाखवली. खाली हिरवंगार.

"झोपलाय. मेला नाय," ते म्हणाले.

रमझान तोंडावर आला आणि गोदाम मालाने भरलं. गोदामाच्या मालकाने पाच दिवसांसाठी चिलर परत मागितली. आमच्या इंजिनिअर साहेबांनी झाडं शेजारच्या रिकाम्या फ्रीजर खोलीत हलवायला सांगितलं. तिथला काटा वजा दहावर होता.

"साहब, ये मत करो," चाचा म्हणाले.

साहेबांनी झाडाला लटकवलेलं लेबल पुढे धरलं. "पढ़ो. मायनस ट्वेंटी तक हार्डी, मतलब कुछ नहीं होगा. यहां तो सिर्फ मायनस टेन है."

"वो जमीन में, साहब. जमीन में जड़ के ऊपर मिट्टी की रजाई है. गमले में चारों तरफ से ठंडी घुसेगी."

"चाचा, ये हॉलंडवालों से ज्यादा आप जानते हो? यल्ला, शिफ्ट करो."

आम्ही झाडं हलवली. दुसऱ्या दिवशी तापमान बघायला आत गेलो, तेव्हा एका कुंडीवर सहज बोटांनी टकटक केलं. मातीचा आवाज आला नाही, दगडाचा आला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं : वजा दहा. साहेबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "लिखते रहो." पाच दिवस मी तेच लिहिलं.

सहाव्या दिवशी झाडं परत चिलरमध्ये आली. कळ्या जशाच्या तशा होत्या. साल खरवडली, खाली हिरवं. मला हायसं वाटलं. चाचा मात्र गोठलेली माती सुटेपर्यंत तीन दिवस थांबले, मग एक कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर ओढलं. पांढरी असायला हवीत ती मुळं चहाच्या चोथ्यासारखी काळपट झाली होती. त्यांनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं. भिजवलेल्या बदामासारखी त्याची साल हातात आली.

"वरच्या फांद्यांना अजून ठावं नाय," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांचा रोजा होता. ओठ कोरडे पडले होते. आम्ही झाड पुन्हा कुंडीत बसवलं आणि माती दाबली.

चाचा साहेबांना मुळं दाखवायला गेले. "फूल आएगा कि नहीं?" साहेबांनी एवढंच विचारलं.

"आएगा. तोड़ी हुई टहनी में भी आता है."

"फिर खलास."

आणि फुलं आली. साखरपुड्याच्या दुपारी बाराही झाडं फिक्या गुलाबी फुलांनी लगडली होती. बायका त्यांच्याखाली उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. मालकीणबाईंनी चाचांना बोलावून सगळ्यांसमोर शाबासकी दिली, मुलीच्या हातून मिठाईचा डबा देवविला. चाचांनी मान खाली घालून तो घेतला. मी पाण्याच्या पाईपपाशी उभा होतो. त्या अंगणात आम्ही तिघंच जाणत होतो की ही झाडं मेलेली आहेत. तिसरे साहेब. ते हसत हसत पाहुण्यांना लेबल दाखवत होते.

दोन आठवड्यांत फुलं फांदीवरच करपली. पान एकही फुटलं नाही. बंगल्यावरून फोन आला, मग पत्र आलं, मग वरच्या ऑफिसने रजिस्टर मागवलं.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ये पेज फिर से लिखो. पांचों दिन प्लस फोर."

मी पेन उचललं नाही.

"तुम्हारा व्हिसा रिन्यूअल मेरे टेबल पे है," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता.

माझी मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. मी तिला अजून पाहिलंही नव्हतं. नवं पान घेतलं आणि माझ्याच अक्षरात दहा वेळा अधिक चार लिहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पाणी जास्त घातल्याने मुळं कुजली, असा रिपोर्ट गेला. चाचांचा व्हिसा कॅन्सल झाला. ते निघाले त्या सकाळी मी मुद्दाम अबू धाबीच्या डिलिव्हरीवर गेलो.

चार वर्षांनी सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. ते अंगणात आंब्याची कलमं बांधत होते. मला बघून उठले, घरात आवाज देऊन चहा सांगितला. मी एका दमात सगळं बोलून टाकलं.

"माका ठावं होतं," ते म्हणाले. "ऑफिसात त्यांनी माका पान दाखवलं. अक्षर तुझं."

"मग बोलला का नाहीत, चाचा?"

त्यांनी कलमाची पट्टी घट्ट केली. "बोललो असतो, तर दोघं घरी आलो असतो."

चहा आला. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, शाळेत जायला लागली का विचारलं. मी सांगितलं. पण कपाला हात लावायचं माझं धाडस बराच वेळ झालं नाही.