पक्का अंधार

अमडापूरच्या बाजारात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवणारा एक माणूस आहे. कोठी तयार झाली की तो स्टुलावरून तिच्यात उतरतो, वरून झाकण लावून घेतो आणि आतून ओरडतो, "अंधार हाय, पक्का अंधार!" उजेडाचा टिपका दिसलाच तर ते भोक झाळून बंद करतो. जिथून उजेड शिरतो तिथून कीडही शिरते, असं त्याचं शास्त्र.

यंदा जाड पत्रा नुसता महाग झाला नाही, तर मिळेनासाच झाला. माझ्या मुलीच्या रुखवतात कोठी हवीच होती. मी म्हणालो, "पातळ पत्र्याची करा."

"पातळ पत्र्याले त उंदरं हासतात, मास्तर!" तो म्हणाला. "जुन्या पेट्या पडून असतीन, त्या आना."

मी दोन पेट्या नेल्या. तिसरी त्यानं स्वतःच्या घरातून काढली, निकाहात बायकोबरोबर आलेली, गुलाब रंगवलेली. बायकोच हसत म्हणाली, "कापा ना, मास्तरच्या पोरीच्या घरी गुलाब मिरवतीन."

हळदीच्या दिवशी हिरवी, निळी, गुलाबवाली कोठी आमच्या अंगणात आली. तो सवयीनं स्टुलावर चढला, तर हळदीनं माखलेली माझी मुलगी म्हणाली, "चाचा, आज मी." झाकण त्यानं लावलं. आतून आरोळी आली, "अंधार हाय, पक्का अंधार!"

आपली आरोळी तो पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होता. त्यानं कोठीवर दोन्ही हातांनी असा ठेका धरला, की बायका नाचायला लागल्या आणि मुलीला बाहेर काढायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.