वहिनीने भरलेले अकरा फॉर्म

आमच्या धुलाई कारखान्यात इस्त्री विभागात अकरा बायका आहेत. चादरी हॉस्पिटलांच्या, टॉवेल हॉटेलांचे. दोन मोठ्या रोलरवर चौघी-चौघी, उशांच्या अभ्र्यांच्या लहान रोलरवर दोघी आणि अकरावी वहिनी, जी तिन्हीकडे बघते. रोलर चालू असले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून वहिनी एकोणीस वर्षं हातानेच काम चालवत आली. तळहात उभा केला की थांबा. दोन बोटं दाखवली की हळू. बोट गोल फिरवलं की चालू.

वहिनी हे नाव तिला दिरामुळे पडलं. तो बॉयलरवर होता आणि दिवसातून दहा वेळा "वहिनी, डबा", "वहिनी, किल्ली" करत यायचा. तो नोकरी सोडून ड्रायव्हर झाला, नाव मागे राहिलं. तिच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा तिला वहिनीच म्हणतात. विभागाची प्रमुख म्हणून तिच्या नावावर कागद कधीच नव्हता. काम मात्र तिचंच होतं.

विभागाची आणखी एक रीत होती. ऑफिसातून कुठलाही कागद आला की तो वहिनीकडे जायचा. रजेचा अर्ज असो, विम्याचा असो, पोराच्या शाळेचा असो. जेवणाच्या सुट्टीत ती उलट्या टोपलीवर बसून लिहायची, बाकीच्या खाली सही करायच्या. कुणाच्या दोन जन्मतारखा आहेत, कुणाच्या नवऱ्याचं नाव कागदावर वेगळं आहे, हे तिला विचारावं लागत नसे.

अशात कंपनीने कामगारांना घडवायला म्हणून एक कोच नेमली. पायात बूट, हातात लॅपटॉप, वयाने आमच्या मुलींएवढी. तिने वरच्या थंडगार हॉलमध्ये सगळ्यांना बसवून एकेक फॉर्म वाटला. त्यात साठ वाक्यं, प्रत्येकापुढे तीन चौकोन: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. त्यावरून कोणाचा स्वभाव कसा ते कळणार आणि कोणी कुठलं काम करावं ते ठरणार. "यात बरोबर-चूक असं काही नाही," ती म्हणाली. ऑफिसवाले असं म्हणाले की मी आधी पायाखाली बघते. पण मी युनियनची प्रतिनिधी, त्या दिवशी दुसऱ्या कामात अडकले होते, म्हणून तिकडे लक्ष घातलं नाही.

दोन दिवसांत दहा फॉर्म वहिनीने भरले. नेहमीसारखेच, टोपलीवर बसून. विभागात जी सगळ्यात बडबडी आहे तिला आम्ही रेडिओ म्हणतो. ती म्हणाली, "माझं जरा चांगलं लिही गं."

"चांगलं-वाईट काही नाही म्हणाल्या ना त्या," वहिनी म्हणाली आणि लिहीत राहिली.

स्वतःचा अकरावा फॉर्म तिने भोंगा व्हायच्या आधी, भिंतीला कागद टेकवून, उभ्याउभ्या भरला.

महिन्याभराने हजेरीच्या यंत्राशेजारी रंगीत तक्ता लागला. रेडिओ केशरी: पुढाकार घेणारी, माणसं जोडणारी. वहिनी राखाडी: शांत, सांगितलेलं करणारी, नेतृत्वासाठी अनुकूल नाही. खाली नोटीस होती. इस्त्री विभागाला आता रीतसर प्रमुख असेल आणि पहिल्या तारखेपासून ती रेडिओ असेल. वहिनी तळघरात जाईल, मळके कपडे निवडायला. शांत माणसाला ते काम मानवतं म्हणे.

रेडिओ मला गेटवर आडवी आली. "ताई, हे माझ्या गळ्यात नका येऊ देऊ. आठ वर्षं झाली, अजून रोलरजवळ गेले की आधी वहिनीकडे बघते. मी बोलते म्हणून काय झालं? बोलायला काय लागतं?"

मी वहिनीकडे गेले. तेव्हा तिने फॉर्मचं सांगितलं. वर म्हणाली, "हे बाहेर जाऊ देऊ नका. मी तळघरात जाईन. पण खोटे फॉर्म दिले म्हणून अकराही जणींच्या पोटावर पाय यायला नको."

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कोचही तिथेच होती. पाच मिनिटं मी फार चांगलं बोलले. साहेबांनी फाइल उघडून वहिनीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "ताई, हे शास्त्र आहे. त्यांनी स्वतःच लिहिलंय, मी बोलून विचार मांडत नाही. आणि हा नव्या प्रमुखबाईंचा बघा, तोही त्यांनी स्वतःच लिहिलाय."

माझं डोकं फिरलं. "डोंबल लिहिलंय तिने! अकराच्या अकरा फॉर्म वहिनीने भरलेत."

बोलले आणि जीभ चावली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "असं होय. मग अकरा नोटिसा."

कोच मात्र माझ्याकडे बघत होती. "सगळे? एकटीने?" तिने विचारलं. मग साहेबांना म्हणाली, "नोटिसा दोन दिवस थांबवा. मला खाली जाऊ द्या."

मी वहिनीला सांगायला गेले. ती घड्या मोजत होती. माझं तोंड बघून म्हणाली, "सांगितलंत."

"हो."

"उद्या लवकर या. बायका घाबरतील. तुम्ही समोर दिसायला हव्यात." बास. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कोच पहिल्यांदाच रोलरपाशी आली. रेडिओजवळ उभी राहून तिने काहीतरी विचारलं. रेडिओने कानाला हात लावला. कोच ओरडली. रेडिओने वहिनीकडे बोट दाखवलं. मग पोर भिंतीला टेकून तासभर नुसती उभी राहिली. मध्ये एका चादरीचा कोपरा दुमडून आत जायला लागला. वहिनी वीस पावलांवर होती. तिचा तळहात वर गेला, चौघींचे हात एकदम मागे आले, बटण दाबलं गेलं. वहिनीने जाऊन चादर सोडवली, बोट गोल फिरवलं. काम पुन्हा सुरू.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत कोचने दहाही जणींना एकेक करून बोलावलं आणि साठही वाक्यं वाचून दाखवली. नवी उत्तरं वहिनीच्या उत्तरांशी ताडून पाहिली. कोणाची साठातली त्रेपन्न जुळली, कोणाची पंचावन्न. रेडिओची छप्पन्न. 'मला नव्या कामाची भीती वाटते' यापुढे वहिनीने 'नेहमी' लिहिलं होतं.

"हे तिला कोणी सांगितलं?" रेडिओ म्हणाली. "मी तर घरीसुद्धा बोलले नाही."

शेवटी कोचने दहा जणींना एकत्र बसवलं आणि वहिनीचा फॉर्म वाचला. "मी माझे विचार बोलून मांडते. कधीच नाही."

घडी घालणारी म्हातारी म्हणाली, "तिथं बोलून ऐकणार कोण, बाई? तुम्ही मघाशी ओरडून पाहिलंत ना?"

"इतर लोक माझ्या सांगण्याप्रमाणे वागतात. कधी कधी."

यावर दहाही जणी हसल्या. कोचने तो चौकोन खोडला.

आता साहेबांना मागे फिरायचं होतं आणि नाकही शाबूत ठेवायचं होतं. त्यामुळे वहिनीला एकाच दिवशी दोन कागद मिळाले. एक प्रमुखपदाचा. दुसरा दुसऱ्यांचे फॉर्म भरल्याबद्दल लेखी ताकीद. बाकीच्या दहा जणींना काही नाही. मी म्हटलं, "पहिल्यावर सही कर. दुसऱ्याचं मी बघते, साहेबांच्या तोंडावर फाडते."

तिने दोन्हींवर सही केली. "भरले तर होतेच ना मी."

कोचने एक अट घातली. दर पंधरा दिवसांनी ती वहिनीबरोबर तासभर बसणार आणि रोज सकाळी रोलर सुरू व्हायच्या आधी वहिनीने विभागाशी दोन मिनिटं बोलायचं.

"काय बोलू?" वहिनीने विचारलं.

"हाताने सांगून उरतं ते."

मला हे थेर वाटले, आणि अजूनही थोडे वाटतात. ज्या बाईने एकोणीस वर्षं विभाग चालवला, तिला ही पोर काय शिकवणार? तरी पहिल्या सकाळी मी दारात जाऊन उभी राहिले.

दहा जणी ओळीने उभ्या होत्या. वहिनीने पदर खोचला. "लहान रोलरचा पट्टा सैल आहे. दुपारी मिस्त्री येईल. तोवर कडेपासून वीतभर लांब हात ठेवा." मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दीड मिनिट उरलं होतं.

"वहिनी, गाणं म्हणू का?" रेडिओने विचारलं.

"नको." वहिनीने जरा विचार केला. "कोणाचे कागद आहेत का भरायचे?"

तिघींचे हात एप्रनच्या खिशात गेले.

"सुट्टीत आणा. मी वाचून दाखवीन. काय लिहायचं ते जिचं तिने सांगायचं."

"आणि नाही आलं सांगता, तर?" म्हातारीने विचारलं.

"तर दोनदा वाचीन," वहिनी म्हणाली आणि बोट गोल फिरवलं.