सगळं मंजूर

बोरीवलीपासून मुलुंडपर्यंत एकही पाटी सरळ लागलेली नाही, हे पुराव्यानिशी सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. हॉटेलात याचा डोसा गार होतो, कारण भिंतीवरच्या मेनूतली तिसरी ओळ याला आत सरकलेली दिसते. मुलगी बघायला कांदिवलीला गेलो, तर तिचं शिक्षण विचारायचं सोडून हा म्हणाला, "तुमचं घड्याळ डावीकडे कललंय." घड्याळ मुलीनेच लावलं होतं. ती स्टुलावर चढून याच्याशी भांडली आणि लग्न तिथेच ठरलं.

याचा पोटापाण्याचा धंदाही हाच. वेबसाइटवर काही बदल झाला की याचा प्रोग्रॅम प्रत्येक पानाचा फोटो काढतो, जुन्या फोटोशी ताडतो आणि जे हललं असेल त्याभोवती लाल चौकट आखतो. मग माणसाने बघून ठरवायचं, बदल मुद्दाम केलाय की चूक आहे. 'मंजूर' दाबलं की पुढे तोच फोटो बरोबर. मी फुटपाथवर चमचे विकत भांड्यांच्या दुकानापर्यंत आलेला माणूस; असल्या कामाचा कोणी पगार देतं हेच मला पटत नव्हतं. म्हणून माझ्या दुकानाच्या साइटसाठी घासाघीस करून मी ते त्याच्या बहिणीच्या हातच्या वडे-सागोतीवर ठरवलं. मालक म्हणून मंजुरीचा हक्क त्याने मलाही दिला.

धनत्रयोदशीला लोक भांडं घेतातच. आदल्या दिवशी मी साइटवर आकाशकंदील टांगायला लावले आणि सगळी पानं लाल झाली. हा एकेक फोटो निरखत बसला. संध्याकाळ होईल म्हणाला. तो जेवायला उठला तसं मी 'सगळं मंजूर' दाबलं. परत येऊन त्याने एवढंच विचारलं, "तुम्ही बघितलंत ना सगळं?"

"बघितलं," मी म्हणालो.

धनत्रयोदशीला दुपारपर्यंत मोबाइलवरून एक ऑर्डर नाही. छोट्या फोनवर कंदील थेट 'खरेदी करा' या बटणावर लोंबत होता. मी मेहुण्याला बोलावलं आणि भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, त्याची लाज काढली. "आख्ख्या मुंबईच्या पाट्या दिसतात तुला, माझं एक बटण नाही दिसलं?" त्याने पालथ्या पातेल्यावर लॅपटॉप ठेवून उभ्या उभ्याच कंदील बाजूला केला. जाताना म्हणाला, "भावोजी, आता एकदा तुमच्या फोनवर बघून घ्या." संध्याकाळी ऑर्डरी आवरता येईनात.

प्रत्येक मंजुरीपुढे ती देणाऱ्याचं नाव उमटतं, हे मला पाडव्याला कळलं. कंदिलाभोवती लाल चौकट ठळक होती आणि पुढे माझं नाव. दुकानात यायच्या आधीच त्याने ते पाहिलं असणार. माझा राग आहे तो याचाच. त्याने तिथल्या तिथे सुनावलं असतं, तर मीही चार शब्द टाकले असते आणि विषय मिटला असता. घासाघीस केल्याशिवाय आजवर मला कोणी काही सोडलेलं नाही. असं फुकट सुटल्यावर काय करायचं, ते मला येत नाही.

हल्ली त्याचे फोटो आले की मी चष्मा लावून एकेक बघतो, एकेक मंजूर करतो. सॉरी म्हणायला तो काही लांब राहत नाही. पण ज्यांच्या देखत बोललो, त्यांच्या देखतच म्हणायला हवं. आणि ती गिऱ्हाइकं आपापले तांबे-वाट्या घेऊन केव्हाच घरी गेली.